खवलं, कवच आणि इंदूरचं ताट

इंदूरच्या खाण्याची कीर्ती सराफ्यात सुरू होते आणि छप्पन दुकानावर येऊन थांबते. पोहे-जलेबी, भुट्ट्याचा कीस, गराडू, दाल-बाफले, शिकंजी. या यादीत मासा नाही, आणि कवचातल्या जिवांचं तर नावही नाही. पण होळकरांच्या चाकरीसाठी जी मराठी घरं माळव्यात आली, त्यांत कोकणपट्टीची ओढ असलेली माणसंही होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची घरं इंदूर, देवास, धार, बडोदा अशी पसरली. त्यांच्या स्वयंपाकघरात समुद्र वाळवून आणलेला असे. सोडे, म्हणजे सोलून कडक उन्हात वाळवलेली कोलंबी. वांगं-बटाट्यात सोडे, वालाच्या बिरड्यात सोडे, पावसाळ्यात सोड्यांची खिचडी. मुंबई-ठाण्याकडून अवंतिका एक्सप्रेसने कुणी येणार असेल, तर सोडे आणि जवळा मागवून घ्यायची रीत या घरांत अजूनही आहे.

मुंबईच्या किनाऱ्यापासून रस्त्याने जवळपास सहाशे किलोमीटर आत असलेल्या या शहरात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रोहू पौष्टिक की कोलंबी? विचारणारा बहुतेक वेळा ‘कोलंबी’ हेच उत्तर गृहीत धरून विचारतो, कारण ती महाग आहे. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. कवचाच्या जिवांची पौष्टिकतेची जी ख्याती आहे ती बरीचशी कालवं, तिसऱ्या, शिणाणे आणि चिंबोऱ्या यांनी कमावलेली आहे, आणि यांतलं जवळजवळ काहीच इंदूरला पोचत नाही. पोचते ती कोलंबी, आणि ती या कुटुंबातली सर्वांत श्रीमंत सदस्य नव्हे. इंदूरच्या ताटाचा विचार तिथून सुरू करायला हवा.

कवचातले जीव दोन निराळ्या घराण्यांतले आहेत. कोलंबी, करंदी, जवळा, चिंबोरी, शेवंड हे सांधेदार पायांचे. तिसऱ्या, शिवल्या, कालवं, शिणाणे हे मृदुकाय. माकूलही त्यांच्यातलाच, फक्त त्याचं कवच शरीराच्या आत एक पातळ पट्टी होऊन राहिलं आहे. कोलंबी आणि कालव यांच्यातलं जैविक अंतर माणूस आणि मासा यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अन्नपानविधीचा अध्याय वाचताना मला याचं अप्रूप वाटलं. तिथं जलचरांचे वर्ग पाडताना शंख-शुक्तींचा ‘कोशस्थ’ हा वर्ग वेगळा आहे, खेकडा पाय असलेल्या ‘पादिन’ वर्गात आहे, आणि माशांचा वर्ग तिसराच असून त्यातही नदीचे आणि समुद्राचे मासे वेगळे काढले आहेत. आजच्या पोषणतक्त्यांना जे विभाग करावे लागतात, ते स्वयंपाक्याच्या आणि वैद्याच्या नजरेनं तेव्हाच केलेले होते.

आता तक्त्यांकडे. आपल्याकडे अन्नाच्या घटकांचं मोजमाप 1918 साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू केलेल्या छोट्या प्रयोगशाळेतून वाढत गेलं. तीच संस्था 1958 साली हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. 1971 साली सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेलं भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं पुस्तक दोन-तीन पिढ्यांच्या आहारतज्ज्ञांनी पाठ केलं. 2017 साली याच संस्थेने 528 अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले, त्यात समुद्रातली मासळी, गोड्या पाण्यातली मासळी आणि कवचाचे जीव यांना स्वतंत्र जागा मिळाली.

जुन्या पुस्तकातले आकडे अजून सगळीकडे फिरतात, म्हणून तेच घेऊ. 100 ग्रॅम खाण्याजोग्या भागात रोहूत 16.6 ग्रॅम प्रथिनं, पापलेटात 17, कोलंबीत 19.1, कटल्यात 19.5. चरबी रोहूत 1.4, पापलेटात 1.3, कोलंबीत 1. म्हणजे प्रथिनांसाठी कोलंबीला जादा पैसे मोजण्याचं काही कारण उरत नाही. कालवं आणि तिसऱ्या तर प्रथिनांत मागेच पडतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे कालवात 100 ग्रॅममागे जेमतेम साडेनऊ ग्रॅम, शिणाण्यात बारा, तिसऱ्यांत साडेचौदाच्या आसपास. कारण त्यांच्या अंगात पाणी जास्त. माशात नसलेली एक गोष्ट मात्र त्यांच्यात असते: तीन ते पाच टक्के कर्बोदकं, ग्लायकोजेनच्या रूपात. माशाच्या मांसात कर्बोदकं नसल्यातच जमा असतात. ताज्या कालवाच्या गोडव्यामागे हे ग्लायकोजेन आहे आणि ग्लायसिनसारखी मोकळी अमायनो आम्लंही आहेत. कोलंबीचा गोडवा मुख्यतः ग्लायसिनचा.

या जुन्या पुस्तकातले दोन आकडे मला नेहमी थांबवतात. रोहूत 650 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि खेकड्याच्या मांसात 1370. अमेरिकी तक्त्यात रोहूच्याच कुळातल्या कार्पला 41 मिलिग्रॅम आहे आणि निळ्या खेकड्याला 89. नुसत्या स्नायूत एवढं कॅल्शियम मावत नाही. ते काट्यातून किंवा कवचातून येतं. आकडा वाचताना तो शरीराच्या कुठल्या भागाचा आहे हे विचारलंच पाहिजे. रोहूचा जाड तुकडा काटा काढून खाणाऱ्याला 650 मिळणार नाहीत. तेच कोकणातला जवळा कवचासकट पोटात जातो, म्हणून वाळवलेल्या बारीक कोलंबीच्या नावापुढे त्या पुस्तकात चार हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम लिहिलेलं आहे. तो आकडा खोटा नाही, फक्त तो कवचाचा आहे आणि कोरड्या वजनाचा आहे.

परदेशी आकड्यांचीही हीच गत. तिसऱ्यांच्या जातीतल्या शिंपल्यांना लोहाचा खजिना म्हणतात, कारण अमेरिकी तक्त्यात अनेक वर्षं 100 ग्रॅममागे 14 मिलिग्रॅमच्या जवळ लोह नोंदलेलं होतं. पुढे तो आकडा दुरुस्त होऊन दोनच्या खाली आला. जुनाच आकडा अजून कितीतरी आहारपत्रकांत छापला जातो. तसंच बांगड्याचं. अटलांटिक महासागरातल्या बांगड्यात 14 टक्क्यांच्या आसपास चरबी, आपल्या जुन्या पुस्तकात बांगड्याला 1.7. ती जात वेगळी आणि आपला बांगडाही हंगामाप्रमाणे कमी-जास्त तेलकट होणारा. तारलीत तर हा फरक आणखी मोठा असतो; काही महिने रोड आणि काही महिने तेलानं निथळणारी.

माशाची खरी बाजू हे तेलच आहे. ओमेगा-3 गटातली लांब साखळीची जी मेदाम्लं मेंदूला, डोळ्यांच्या पडद्याला आणि रक्तवाहिन्यांना लागतात, ती तारली, बांगडा, हिलशासारख्या तेलकट माशांत भरपूर असतात. ड जीवनसत्त्वही त्यांच्यातच. कवचाच्या जिवांत ड जीवनसत्त्व अगदी थोडं. शिणाणे आणि कालवं यांच्यात ओमेगा-3 बऱ्यापैकी असतं, कोलंबीत कमी, कारण मुळात तिच्या अंगात चरबीच कमी. तळ्यात वाढलेल्या रोहू-कटल्यातही ते माफकच. म्हणजे इंदूरच्या बाजारात जे दोन जिन्नस सर्वांत जास्त दिसतात, रोहू आणि गोठवलेली कोलंबी, त्या दोन्हींत तेलाची बाजू लंगडी आहे.

कवचाची बाजू खनिजांची आणि ब-12 जीवनसत्त्वाची. आपलं रक्त लोहामुळे लाल आहे. खेकडा, कोलंबी आणि माकूल यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबं करतं. त्यामुळे त्यांच्या मांसातही तांबं माशापेक्षा जास्त असतं. जस्ताच्या बाबतीत कालवाशी कुणाचीच बरोबरी नाही. पॅसिफिक कालवाच्या 100 ग्रॅममध्ये 16 मिलिग्रॅमपेक्षा जास्त, काही जातींत त्याच्या दुपटीहून अधिक. खेकड्यात साडेतीन, कार्पमध्ये दीड, कोलंबीत तेवढंच. कालव मिळेल त्या पाण्यातून जस्त शोषून साठवत राहतं. मोठं कालव दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं, आणि त्याच पाण्यातले जंतू व कॅडमियमसारखे धातूही त्याच्या अंगात येऊन बसतात. कालवाचं पोषण आणि कालवाचा धोका या दोन्हींचं मूळ एकच.

ब-12 हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते तयार करतात जीवाणू. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खाणाऱ्या शिंपल्यांकडे ते साठतं. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरे. कालवाच्या 100 ग्रॅममध्ये सोळा, शिणाण्यांत बारा, तिसऱ्यांत अकरा, खेकड्यात नऊ, अटलांटिकच्या बांगड्यात पावणेनऊ. कार्पमध्ये दीड, कोलंबीत सव्वाच्या आसपास. ही रांग नीट पाहावी. कवचातल्या जिवांत कोलंबी शेवटी उभी आहे, आणि तिच्या आधी बांगडा येतो.

ब-12 चा मुद्दा मराठी घरांसाठी किरकोळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली पुणे परिसरातल्या पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास दोन-तृतीयांश पुरुषांत ब-12 कमी आढळलं आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण त्याहून जास्त होतं. 2008 साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा त्यांचा अभ्यास आला: गरोदरपणात फोलेट भरपूर पण ब-12 कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. इंदूरचं मराठी मध्यमवर्गीय घर खाण्याच्या सवयींत पुण्याच्या घराहून फार वेगळं नाही. गहू, डाळ, दही, भाजी, आठवड्यातून एखादा वार सामिष. त्यात समुद्र नाही.

समुद्र का नाही याचं कारण कवचातच आहे. तिसऱ्या आणि कालवं जिवंत असतानाच शिजवायची असतात. उघडी शिंपली, जी टिचकी मारूनही मिटत नाही, ती फेकून द्यायची हे कोकणातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. चिंबोरीही जिवंतच विकत घेतात. मेल्याबरोबर त्यांच्या पाचक रसांनी मांस आतूनच विरघळू लागतं आणि जंतू झपाट्यानं वाढतात. मे महिन्यात चाळीस अंशांवर जाणाऱ्या माळव्यात ही मासळी ओली पोचवणं अवघडच. कोलंबी मात्र डोकं काढून, गोठवून कुठेही जाते. त्यातही आता देशी टायगर कमी आणि व्हेनामी जास्त. पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरची ही जात 2009 साली रीतसर परवानगीनं भारतात आली, आंध्रच्या तळ्यांत रुजली आणि निर्यातीत पहिली झाली. इंदूरच्या शीतपेटीत मिळणारी सोललेली पांढरी कोलंबी बहुधा तिथलीच.

गोड्या पाण्यात मात्र इंदूर गरीब नाही. 1978 साली जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं. त्याआधी गंभीर नदीवरचा यशवंत सागर शहराची तहान भागवत होता. 2022 साली हा तलाव रामसर यादीत आला. तिथून शहराला पाणी अजूनही मिळतं आणि व्यापारी प्रमाणावर मासेही पाळले जातात. दक्षिणेला, खंडवा जिल्ह्यात, 2005 साली पूर्ण झालेल्या इंदिरा सागराचं पाणी 900 चौरस किलोमीटरहून जास्त जागेवर पसरलं आहे. रोहू, कटला, मृगळ यांची तिथं कमी नाही. कमी झाला आहे तो महाशीर. 2011 साली मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा ठरवलं. वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्यातून वर चढून अंडी घालणारा हा मासा धरणांच्या साखळीत अडकला. शेजारी महाराष्ट्रानं 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्यालाही लहानपणीच जाळ्यात ओढण्याचं ग्रहण लागलं आहे. ताटातल्या पोषणाची चर्चा नदी आणि समुद्र सोडून करता येत नाही, हे दोन्ही राज्यांनी मान्य केलं तर बरं.

नर्मदेची मोठी गोडी कोलंबी ही खरं तर गुजरातची गोष्ट. तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे ती भरूचच्या खाडीकडे वाढते. माळव्याच्या शेततळ्यात ती पाळायची तर बीज खारं पाणी असलेल्या उबवणीतूनच आणावं लागतं. ओढ्यातले खेकडे मात्र इथले हक्काचे. निमाडातले भिल-भिलाला आणि सातपुड्यातले कोरकू पावसाळ्यात ते आवडीनं खातात, आणि खनिजांच्या हिशेबात हे अन्न शहरी माणसाच्या फ्रोझन पाकिटाहून सरस आहे. एकच गोष्ट कटाक्षानं पाळायची: गोड्या पाण्यातला खेकडा पूर्ण शिजवायचा. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात घर करणारा एक चपटा कृमी माणसात येतो. मणिपूरकडे हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. आणि शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यातले शिंपले किंवा खेकडे कुणीही खाऊ नयेत. वर सांगितलेलं गाळण्याचं गणित तिथं उलटं फिरतं.

कोलेस्टेरॉलची भीती थोडक्यात उरकतो, कारण ती जरुरीपेक्षा मोठी झाली आहे. कोलंबीत 100 ग्रॅममागे दीडशे मिलिग्रॅमहून थोडं जास्त, माकुलात सव्वादोनशेच्या वर, माशांत साधारण साठ-सत्तर. शिंपल्यांचा जुना आकडा तर फुगलेलाच होता. मोजण्याच्या जुन्या पद्धतीत त्यांच्यातली वनस्पतिजन्य स्टेरॉलंही कोलेस्टेरॉल म्हणून धरली जात. 1996 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काही निरोगी माणसांना रोज 300 ग्रॅम कोलंबी खायला दिली. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे 7 टक्के वाढलं, चांगलं 12 टक्के, आणि ट्रायग्लिसराइड घटली. ही कोलंबी वाफवलेली होती. बटर-गार्लिकच्या नावानं जी लोणी आणि तेलात बुडते, तिच्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

अॅलर्जी मात्र खरीच भीती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा मोठा वाटा असलेल्या 1993 च्या कामातून हे पुढे आलं की कोलंबीची अॅलर्जी प्रामुख्यानं ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनामुळे होते. उकळून ते नष्ट होत नाही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही त्याचा भाऊबंद असतो. माशाची अॅलर्जी वेगळ्या प्रथिनाची असते, म्हणून कोलंबी सोसत नाही त्याला रोहू सोसू शकतो. इंदुरात पहिल्यांदाच कवचाचं खाणाऱ्या मुलाला कोलंबी थोडीशीच द्यावी आणि ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं यांकडे डोळे उघडे ठेवून पाहावं.

आता सोड्यांकडे परत येतो, कारण माझ्या दृष्टीनं या शहराचं कवचाचं खरं अन्न तेच. ओल्या कोलंबीत पाऊणशे टक्क्यांहून जास्त पाणी. वाळवल्यावर 100 ग्रॅम सोड्यांत तीनशे ग्रॅमच्या वर ओल्या कोलंबीचा ऐवज येतो. वाळल्या बोंबलाला जुन्या पुस्तकात 61.7 ग्रॅम प्रथिनं आहेत, सोडे-जवळ्याचा हिशेब त्याच घरात जातो. मूठभर, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम सोडे वालाच्या बिरड्यात पडले की एका माणसाला बारा-पंधरा ग्रॅम चांगली प्रथिनं, थोडं ब-12, तांबं, जस्त, आणि जवळा असेल तर कॅल्शियमही मिळतं. आणखी एक फायदा डोळ्यांना दिसत नाही. मांस-मासळीत असा काही गुण असतो की ती सोबत असली तर डाळी-धान्यांतलं एरवी वाया जाणारं लोह अधिक शोषलं जातं. वालात सोडे घालणाऱ्या आजींना हे रसायन ठाऊक नव्हतं. चव ठाऊक होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) मध्य प्रदेशातली सहा महिने ते पाच वर्षांची 72.7 टक्के मुलं आणि 15 ते 49 वयाच्या 54.7 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. अशा राज्यात डाळीतलं लोह अंगी लावणारा जिन्नस मोलाचा आहे, मग तो कुठल्याही ताटात पडो.

लहान मासळी अख्खी खाण्याचा मुद्दाही इथंच जोडतो. शकुंतला थिलस्टेड यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. बांगलादेशातली बोटाएवढी मोला मासळी डोक्या-काट्यांसकट खाल्ली तर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांत ती मोठ्या कार्पना कितीतरी मागे टाकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या तलावांतली चिल्लर मासळी मात्र मोठ्या माशांच्या ढिगाखाली दुर्लक्षित आणि कमी भावात पडून राहते.

भावाचा हिशेब करताना पोटात जाणारा भाग धरावा. किलोभर तिसऱ्यांतून दीडशे-दोनशे ग्रॅम मांस निघतं, चिंबोरीतून पाव ते एक तृतीयांश, डोक्या-कवचासकट घेतलेल्या कोलंबीतून निम्म्याच्या आसपास. तक्त्यातला प्रत्येक आकडा सोललेल्या 100 ग्रॅमचा असतो, बाजारातला भाव न सोललेल्या किलोचा.

इंदूरच्या घरासाठी माझा सल्ला असा. रोजच्या प्रथिनांसाठी यशवंत सागराचा किंवा इंदिरा सागराचा ताजा रोहू-कटला घ्या. कल्ले लाल आहेत आणि बोटानं दाबलेलं मांस वर येतं हे पाहून घ्या. बर्फातल्या मासळीत फॉर्मालिनचा संशय असेल तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं 2018 साली आणलेली तपासणीची कागदी पट्टी आहे, ती ठेवण्याचा आग्रह विक्रेत्यांकडे धरा. महिन्यातून दोन-तीनदा गोठवलेली तारली किंवा बांगडा मुद्दाम मागवा. मागणी असेल तर मासळीवाला आणतोच. बांगडा बर्फाबाहेर तासन्‌तास राहिलेला असेल तर घेऊ नका, त्यात हिस्टॅमिन तयार होतं आणि शिजवून ते जात नाही. महागड्या कोलंबीला सणासुदीची चैन म्हणा, औषध म्हणू नका. सोडे वासाला स्वच्छ, रंगाला केशरी आणि हाताला कोरडे बघून घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, आणि रक्तदाब असेल तर खारवलेला जिन्नस टाळून बिनमिठाचा मागा. कोकणात गेलात तर मात्र कोलंबी बाजूला ठेवा आणि कालवं, तिसऱ्या, चिंबोऱ्या पोटभर खा. त्या तिथंच मिळतात.